आई मराठीत बोलायला लागली की समजायचं...

सुरंगी

मी वेंगुर्ल्याची, अकरा वर्षं पुण्यात. आई रोज रात्री फोन करते. पहिलं वाक्य ठरलेलं, "अगो, जेवलंस काय?" मग गजाली सुरू. पण परवा फोन उचलला तर पलीकडून आवाज आला, "काय, या वर्षी चतुर्थीला आपण येणार आहात की नाही?"

आपण! येणार आहात! मी उभीच राहिले. गेल्या वर्षी ऑफिसच्या कामामुळे जमलं नव्हतं, त्याचा सगळा हिशोब त्या एका वाक्यात होता. शिव्या घातल्या असत्या तर मी निर्धास्त झोपले असते. आमच्या घरात मालवणीतला राग संध्याकाळपर्यंत टिकत नाही. मराठीतला राग महिनाभर पुरतो.

तेव्हापासून घरातली माणसं कधी कुठल्या भाषेत जातात तेच आठवत बसले आहे. विळीवर नारळ खवताना आईला बँकेतून फोन आला, तर ती आधी हात पुसते, पदर खांद्यावर नीट घेते आणि मगच बोलते, "हो साहेब, बोलतेय." फोन ठेवला की, "मेल्यान अर्धो तास खाल्ल्यान!" साहेबाला पलीकडून पदर दिसत नाही. पण मराठी बोलायची तर आई तो घेणारच.

मला वाटतं आपल्या किनाऱ्यावर मालवणी ही घरातली आणि मराठी ओसरीवरची. माणूस जितकं जवळचं तितका आत प्रवेश. तुमच्याकडे काय आहे? दोन भाषांमुळे झालेल्या गमती, घोटाळे सगळं लिहा. सिंधुदुर्ग, गोवा, कारवार, कुठलंही चालेल.

तिरफळ

अगदी हेच. आमच्या घरी 'तू'चा 'तुम्ही' झाला की बाबासुद्धा काहीतरी काम काढून वाडीत निघून जातात.

काजूबी

मी पेडण्याची, घरात कोंकणी. माझा भाचा पुण्याला वाढला, सहा वर्षांचा असताना पहिल्यांदा मे महिन्यात राहायला आला. अंगणाच्या कडेला मोर आला होता. आजी ओरडली, "पळय, पळय!"

पोर पळत सुटलं. आजीला वाटलं त्याला मोर दिसला नाही, म्हणून ती आणखी जोरात, "अरे पळय मरे!" तो आणखी जोरात. तुळशीभोवती तीन फेऱ्या झाल्या, मोर केव्हाच उडून गेला, आणि शेवटी तो धापा टाकत विचारतो, "आजी, अजून किती पळू?"

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: पळय म्हणजे बघ.

होडीवाला

काजूबी, तुळशीच्या फेऱ्या अगदी डोळ्यासमोर आल्या!

आमच्याकडची सांगतो. मालवण. माझ्या बहिणीच्या सासरची माणसं साताऱ्याहून पहिल्यांदा जेवायला आली. आईने मोठ्या हौसेने मोरी आणली होती. मोरीच्या मटणाला आमच्याकडे केवढा मान, ते इथल्या लोकांना सांगायला नको. ताटं मांडली आणि आई आग्रह करायला लागली, "वाईच मोरीतला घेवा, मोरीतला घेवा हो!"

त्या माउली एकमेकींकडे बघायला लागल्या. त्यांच्याकडे मोरी म्हणजे भांडी घासायची जागा. शेवटी बहिणीचे सासरे घसा खाकरून म्हणाले, "विहीणबाई, ताटात आहे तेच पुष्कळ आहे."

मुशी मासा म्हणून सांगितल्यावर मात्र त्यांनी तीन वेळा रस्सा मागून घेतला. आता साताऱ्याहून फोन आला की पहिला प्रश्न, मोरी मिळते का.

आबोली

कालवां राहिली! माझी जाऊ घाटावरची. सासूबाई म्हणाल्या, "आज कालवां करतंय." तिने कालवण ऐकलं आणि ते भाताबरोबर खायचं म्हणून कुकर लावून वाट बघत बसली. सासूबाई कोयता घेऊन निघाल्या खडपावर, खडकाला चिकटलेली कालवं काढायला. ही मागून विचारते, "कालवणाला कोयता कशाला?"

वहीवरचा_माणूस

धागा छान आहे, पण मुळातच एक दुरुस्ती. मालवणी ही मराठीचीच बोली आहे, मग 'दोन भाषा' कशा? अकोल्याचा माणूस घरात वऱ्हाडी बोलतो आणि कचेरीत प्रमाण मराठी, त्याला कोणी द्विभाषिक म्हणत नाही.

सुरंगी

@वहीवरचा_माणूस, म्हणा बोली, माझी हरकत नाही. पण आई ज्या क्षणी पदर सारखा करते त्या क्षणी घरात दुसरी भाषा आलेली असते, ते मला कानांनी कळतं. भाषा की बोली हा वाद इथे नको. त्यावर जुने धागे पुष्कळ आहेत.

तेरेखोलपार

वाद नको, पण थोडा इतिहास चालेल ना? काजूबीची पेडण्याची कोंकणी आणि आमच्या आरोंदा-सातार्ड्याची मालवणी शेजारी ठेवली तर जुळ्या बहिणी वाटतात. पेडणे महाल पूर्वी सावंतवाडीकर भोसल्यांकडे होता, पोर्तुगिजांकडे गेला तो अठराव्या शतकाच्या अखेरीस. जुन्या काबिजादींच्या, म्हणजे पोर्तुगिजांनी सुरुवातीला जिंकलेल्या मुलखाच्या, मानाने खूपच उशिरा. सोयरिकी त्याआधीपासूनच्या. हद्द बदलली तरी माहेर बदलत नाही, बायका भाषा घेऊन नदीच्या अलीकडे-पलीकडे जात राहिल्या.

तेरेखोल गाव तर नदीच्या आमच्या, महाराष्ट्राच्या बाजूला असून गोव्यात आहे. तिथला माणूस केरीला फेरीबोटीने जातो तेव्हा कोंकणीत बोलतो, रेडीच्या बाजाराला आला की मालवणीत. मधे थांबून 'आता कुठली' असं ठरवावं लागत नाही. पायाला जमिनीचा चढ-उतार कळतो तसं ते कळत असावं.

काजूबी

तेरेखोलपार, माझी आजी पलीकडच्या आजगावची. म्हणूनच ती 'मरे' म्हणते!

गावठी_पाव

गोव्यात लग्न होऊन आले ती अमरावतीहून. फोंड्याजवळ आमचं घर. पहिला आठवडा अजून लख्ख आठवतो.

सकाळी सासूबाईंनी विचारलं, "चा जाय?" मला वाटलं चहा कुठेतरी चालला आहे. मी म्हटलं, "कुठे?" त्यांना वाटलं मी कुठे बसून पिऊ असं विचारते आहे, म्हणाल्या, "हांगाच." मग सासरे आले, त्यांनाही विचारलं, तर ते म्हणाले, "नाका." आमच्याकडे नाका म्हणजे चौक. मी मनात जुळवलं, की चहा नाक्यावर जातो आहे. जाय म्हणजे हवा आणि नाका म्हणजे नको, हे नंतर कळलं.

दुपारी पान वाढलं आणि मी विचारलं, "भात आहे का?" दीर म्हणाले, "आसा मगो, शेतांत." खरंच तसंच आहे: इथे भात म्हणजे साळ, शेतात उभं असलेलं किंवा कणगीत भरलेलं. ताटात येतं ते शीत. आम्ही शितावरून भाताची परीक्षा करतो, म्हणजे आमच्या दृष्टीने शीत एकच दाणा. इथे माणूस पोटभर शीत-कडी जेवतो. आणि कडी म्हणजे ताकाची नव्हे, माशाची. त्या दिवशी मी ताकाची वाट बघत होते.

संध्याकाळी पोदेर, म्हणजे पाववाला, सायकलवरून पों पों करत आला. सासूबाई म्हणाल्या, "पोळयो घे." मी तवा तापत ठेवला. हातात आल्या त्या कोंडा लावलेल्या, आतून पोकळ, फुगलेल्या. त्या पोळीत मी चमचाभर साजूक तूप आणि गूळ भरून खाल्लं. घरातल्या कोणी तसं आधी खाल्लं नव्हतं. आज आमच्या घरात मुलांची तीच न्याहारी आहे, आणि तिला नाव आहे 'मम्मीची पोळी'.

तिरफळ

तूप-गूळ पोळीत! पोदेराला कळलं तर तो दुसऱ्या दिवसापासून दर वाढवील.

होडीवाला

आता पोळीवरून विषय निघालाच आहे, तर पणजीच्या आसपास लाकडाच्या भट्टीतली पोळी अजून कुठे मिळते? जाणार आहे पुढच्या आठवड्यात.

काजूबी

दुकान शोधू नका. सकाळी सहाच्या सुमाराला कुठल्याही वाड्यावर उभे राहा आणि भोंगा ऐका.

अळूवडी

मी कारवारची. तुमची दोन भाषांची गंमत, आमची तीनची. आमचा जिल्हा 1956 पर्यंत मुंबई राज्यात होता, त्यामुळे माझ्या आत्याच्या पिढीच्या कितीतरी जणांची शाळा मराठी. आत्या घरात कोंकणी बोलते, बाजारात भाव कन्नडमध्ये करते आणि पाढे म्हणते मराठीत. बे एके बे. मासळीवालीशी कन्नडमध्ये हुज्जत घालताना मधेच ओठांत 'सात चोक अठ्ठावीस' येतं, मग पुन्हा कन्नड.

पण खरा किस्सा आत्याच्या मालवणच्या व्याह्यांचा. ते कारवारला आले होते, परतीची बस पकडायची होती. स्टँडसमोरच्या चहाच्या दुकानात बसले. दर पाच मिनिटांनी विचारायचे, "बस इली काय?" दुकानदार म्हणायचा, "इल्ला."

इली म्हटलं, की पिशव्या उचलून धावत बाहेर. बस नाही. परत आत. "इली काय?" "इल्ला." परत धावत बाहेर. चौथ्या खेपेला ते दुकानदारावर चढले, "मेल्या, इला-इला म्हणतस, खय इली?" तो बापडा शांतपणे म्हणाला, "इल्ला, इल्ला."

मालवणीत इली म्हणजे आली, कन्नडमध्ये इल्ला म्हणजे नाही.

आबोली

अळूवडी!! हसून हसून डोळ्यांत पाणी आलं. घरातल्या सगळ्यांना वाचून दाखवलं. नवरा आता प्रत्येक गोष्टीला इल्ला म्हणतोय.

वहीवरचा_माणूस

मान्य. या किश्श्यापुढे माझी दुरुस्ती मागे घेतो. इलो आणि इल्ला या दोघांना एका किनाऱ्यावर सुखाने नांदताना बघायला भाषाशास्त्र पुरत नाही.

लालबागचा_चाकरमानी

आमच्या परळच्या चाळीत गणपतीला आरत्या मराठीत होतात, सगळे मजले एकत्र. पण गाऱ्हाणं मालवणीतच. मराठीत घातलेलं गाऱ्हाणं मी आयुष्यात ऐकलेलं नाही. इतकी वर्षं आमचे आजोबा घालायचे. "बा देवा म्हाराजा, आज ह्या लेकरांनी जी काय तुझी सेवा केल्यानी ती मान्य करून घे, काय चुकला-माकला आसात ता पोटात घाल..." आणि सगळ्यांचं एका सुरात, "व्हय म्हाराजा!"

गेल्या वर्षी आजोबांचा घसा बसला. शब्द फुटेना. त्यांनी माझ्या पुतण्याला पुढे केलं. पोरगा दहावीत, इंग्रजी शाळेत, मालवणी कानावरून गेलेली तेवढीच. पण त्याने मोबाइलमध्ये आजोबांचं जुनं गाऱ्हाणं भरून ठेवलं होतं, आठ दिवस ऐकत होता. सुरुवात झकास केली. "पोटात घाल" पर्यंत आला आणि अडकला. चाळीतली चाळीस-पन्नास माणसं हात जोडून उभी. दोन क्षण गेले आणि त्याने डोळे मिटून मराठीत सांगून टाकलं, "आणि देवा, आजोबांचा आवाज परत येऊ दे. आणि माझी दहावी आहे, तेवढं बघ."

"व्हय म्हाराजा!" इतका जोरात हुंकार मी त्या चाळीत कधी ऐकला नव्हता. आजोबांचे ओठही हलले. आवाज नव्हता, पण हलले.

सुरंगी

@लालबागचा_चाकरमानी, अंगावर काटा आला. दहावीचं काय झालं?

लालबागचा_चाकरमानी

देवाने बघितलं. 81 टक्के. आजोबांचा आवाजही आला, आता ते रोज त्याला गाऱ्हाण्यातल्या चुका सांगतात.

होडीवाला

गाऱ्हाण्यावरून दशावतार आठवला. दशावतारात संवाद लिहिलेले नसतात, नट रंगमंचावर उभा राहून रचत जातो. राजा, ऋषी, देव बोलतात ते अगदी भारदस्त मराठी. हसवणारा राक्षस संकासुर आला की मालवणी. लहानपणी मला वाटायचं देवांना मालवणी येत नसावी.

आमच्या शेजारच्या गावच्या जत्रेतली गोष्ट. रात्रीचा दीड वाजलेला. राजा बाकावर बसलाय, मांडीवर तलवार, डोक्याला चमचमता मुकुट. म्हणतो, "प्रधानजी, आमच्या राज्यातील प्रजा सुखात आहे ना?" पुढच्याच रांगेत घोंगडीवर बसलेली एक म्हातारी उठली. "खय सुखात? चार दिस नळाक पाणी नाय!"

सगळी जत्रा हसायला लागली, कारण राजाचं काम करणारा दिवसा त्याच गावात पाणी सोडायचं काम करायचा. हे म्हातारीला माहीत, प्रेक्षकांना माहीत, पेटीवाल्यालाही माहीत. राजा जराही डगमगला नाही. तलवार टेकून उठला आणि म्हणाला, "प्रधानजी, या माउलीच्या डोळ्यांत आसवं आहेत. आमच्या राज्यात जलाविना कोणीही तहानलेलं राहता कामा नये!" मग दोन पावलं पुढे आला, मुकुट सावरत म्हातारीकडे वाकला आणि हळू आवाजात, "काकी, फाटफटी सोडतंय." पहाटे, म्हणजे.

आणि सोडलं. जत्रा संपवून रंग न पुसताच गेला.

तेरेखोलपार

रंग न पुसता नळ सोडणारा राजा. वा!

शेवंती

बराच वेळ वाचत होते, आता लिहावंसं वाटतंय. सुरंगी, तुझं मराठी म्हणजे ओसरी, हे मला पटलं नाही.

माझी आजी डिचोलीची. बोलायची फक्त कोंकणी. पण वाचायची मराठी. दुपारी चष्मा लावून रोजचं मराठी वर्तमानपत्र पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत, आणि तिन्हीसांजेला हरिपाठ. घरातल्या लग्नाच्या पत्रिका मराठीत, देवळातली भजनं मराठीत. आम्हाला मांडीवर घेऊन जे काही म्हणायची ते मराठीत. माझ्यासाठी मराठी म्हणजे आजीच्या लुगड्याला येणारा दिव्याच्या तेलाचा वास. ती ओसरी कशी? ती तर देवघर.

मी नोकरीला बडोद्याला गेले तेव्हा ती पत्रं लिहायची. कोंकणी लिहायला तिला कोणी शिकवलंच नव्हतं, तिच्या काळात ती शाळेत नव्हती, राजभाषेचा कायदा झाला तोच 1987 साली. त्यामुळे पत्र मराठीत. 'चि. सौ. हिस अनेक उत्तम आशीर्वाद. इकडील सर्व क्षेम.' पावसाचं, गाईचं, शेजारच्या लग्नाचं सगळं व्यवस्थित, शुद्ध. आणि कागद संपत आला की डाव्या कोपऱ्यात, उभ्या ओळीत, बारीक अक्षरात दोनच शब्द: 'बेगीन यो.'

लवकर ये. प्रत्येक पत्रात. ते दोन शब्द मराठीत तिला लिहिता आले नसते असं नाही.

सुरंगी

शेवंती, मी माझा मुद्दा सोडते. हे पुन्हा पुन्हा वाचलं.

गावठी_पाव

शेवंती... सासूबाईंना वाचून दाखवलं. त्या म्हणाल्या, त्यांच्या आईची पत्रंही अशीच असायची, फक्त शेवटी 'जीव सांबाळ' लिहिलेलं.

नदीकाठ

मी सोलापूरची, सावंतवाडीत सून होऊन अठरा वर्षं झाली. माझी गोष्ट एका अक्षराची आहे.

आल्या आल्या मला एक गोष्ट फार लागली होती. सासूबाई माझ्याबद्दल कोणाशी बोलताना 'ता' म्हणायच्या. "ता खय गेला?" "ता अजून जेवक नाय." ते! जसं भांडं, पोतं, झाड. मी घरातली सून, शिकलेली, आणि मला नपुंसकलिंग? दोन महिने गप्प राहिले. मग नवऱ्याला सांगितलं आणि रडले. तो आधी गोंधळला, त्याच्या कानाला त्यात काही वेगळं लागलंच नव्हतं. मग म्हणाला, "अगं, आमच्याकडे चेडवाक 'ता'च म्हणतात. लहान मुलगी, तरणी मुलगी, सगळ्या 'ता'. आईसाठी तू लेकरू आहेस."

कोंकणीतही असंच आहे, हे नंतर कळलं. त्या दिवसानंतर त्यांनी 'ता' म्हटलं की मला डोक्यावरून हात फिरवल्यासारखं वाटायचं.

आणि मागच्या माघात घरी कार्य होतं. मी स्वयंपाकघरात, वड्याचं पीठ भिजवत होते. बाहेर कोणीतरी बाई विचारत होती, नारळ किती फोडायचे. सासूबाई म्हणाल्या, "माका नको विचारू. ती सांगात. तिका विचार."

ती! घरातल्या किल्ल्या दिल्यासारखं. पीठ हाताला तसंच लागलेलं, मी तिथेच थांबले. आनंद झाला, आणि त्याच वेळी काहीतरी हातातून गेलं असंही वाटलं. रात्री भांडी आवरताना मी त्यांना विचारलं, "आई, मी आता 'ती' झाले?" त्यांना कळेचना मी काय म्हणते. मग समजलं तशा हसल्या आणि म्हणाल्या, "लोकांसमोर ती. माझ्यासाठी ताच. जा, झोप आता."

आबोली

मी कोकणातलीच, जन्मापासून 'ता' ऐकत आले. आज पहिल्यांदा ऐकू आलं.

काजूबी

माझी आई सत्तर वर्षांची आहे आणि आजी अजून तिला 'तें' म्हणते. आत्ताच विचारलं, म्हणाली, "मगे कितें म्हणूं?"

तिरफळ

सुरंगी, मूळ प्रश्न राहिला. चतुर्थीचं काय झालं? आई अजून मराठीतच?

सुरंगी

काल रात्री मीच फोन केला. तिने उचलला आणि "बोला" म्हणाली. मी म्हटलं, "आये, मी येतंय. रजा पास झाली. पाच दिवस."

पलीकडे बराच वेळ काही नाही. मग, "पाच? पाच दिसात काय होता? विसर्जनाच्या दुसऱ्या दिसाक म्हावऱ्याचा जेवान कोण करतलो?" मला इतकं बरं वाटलं म्हणून सांगू! मग तिकिटाचं विचारलं. आता रेल्वेचं आरक्षण साठ दिवस आधी उघडतं. त्या दिवशी सकाळी आठला मी लॅपटॉप आणि मोबाइल दोन्ही उघडून बसले होते, तरी वेटिंग 112 मिळालं. ते सांगितलं तर म्हणाली, "वेटिंग म्हणजे बसाक मिळात मा?" मी म्हटलं, नाही मिळणार. पुन्हा शांतता. मला धाकधूक, की आता परत मराठी.

"मगे यष्टी आसा," म्हणाली. "रात्रभर बसान ये. खिडकीकडे बस, आणि आंबोलीक घाटात उलटी येता तुका, आवळासुपारी घेवन बस. कळला?"

लालबागचा_चाकरमानी

सुरंगी, एसटीचंही आरक्षण आजच करा. पुण्याहूनही गर्दी असते.

सुरंगी

झालं. सीट नंबर 7, खिडकी.